सोसायटीचा कॉमन हॉल पर्यावरणपूरक बांधायचा आहे. सोलरपासून सुरुवात करावी का?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की तुमची 40 फ्लॅटची सोसायटी वर्धा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आहे आणि कार्यक्रम, जिम, वाचनालय यासाठी एक इमारत बांधायची आहे. सोलर शेवटी बघा. आधी ती इमारत कोणीकडे तोंड करून उभी राहणार ते ठरवा.

आमची सोसायटी हिंगणघाटच्या बाजूची. 2017 साली हॉलचा नकाशा आला. रस्ता पश्चिमेला, म्हणून पश्चिमेची अख्खी दर्शनी बाजू काचेची. मी मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं, लांब भिंती उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या बाजूला घ्या, जिना आणि बाथरूम पश्चिमेला टाका, म्हणजे ऊन त्यांच्यावर जाईल. तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले, "तुम्हाला गावातलं धाब्याचं घर पाहिजे, लोकांना शहरासारखं पाहिजे." धाब्याचं घर म्हणजे मातीच्या भिंतींचं, मातीच्याच सपाट छताचं घर. सगळे हसले आणि ठराव पास झाला.

दोन वर्षांनी मे महिन्यात माझ्या पुतणीचं साक्षगंध (साखरपुडा) त्याच हॉलमध्ये ठेवलं. बाहेर 46 डिग्री. चार वाजता काचेतून ऊन थेट पाटापर्यंत आलं. चार एसी एकदम सुरू केले तर व्होल्टेज पडलं, दोन बंद झाले. डेझर्ट कूलर आणला तर लावायला खिडकीच नाही, काच फिक्स. आत ठेवून चालवला तर अर्ध्या तासात हवा अशी चिकट झाली की वाळ्याचा वासही नकोसा वाटला. मागच्या पडद्यावरची थर्माकोलची अक्षरं एकेक सुटून खाली पडत होती. माझ्या 80 वर्षांच्या आत्याला भोवळ आली. तिला उचलून खाली पार्किंगमध्ये बाजेवर निजवलं आणि मग साक्षगंधही तिथेच उरकलं. तीन बाजू मोकळ्या, वर स्लॅबची सावली, तिथे निदान वारा होता.

त्याच आत्याच्या माहेरी, म्हणजे आमच्या धाब्याच्या घरात, मातीच्या भिंती दीड हात जाड. दिवसाचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि रात्री माणसं अंगणात झोपतात. सेवाग्रामच्या कुट्याही 1936 पासून माती, बांबू आणि कवेलूतच (कौलांतच) उभ्या राहिल्या. आपल्याच जिल्ह्यात हे असताना काचेचा हॉल बांधणं हा मला आजही हट्टच वाटतो.

तुमच्यासाठी: पश्चिमेला खिडकी देऊ नका, दक्षिणेला खोल छज्जा द्या, आणि समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या ठेवा. एका बाजूला रुंद ओसरी काढा, निम्मे कार्यक्रम तिथेच होतील. विटा राखेच्या घ्या, चंद्रपूर-कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रांची राख आहेच. गच्चीवर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे फरशीच्या पांढऱ्या तुकड्यांचा थर, करा. 2000 चौरस फूट गच्चीवर हजार मिलिमीटर पाऊस पडला तर गळती-वाफ धरूनही दीड लाख लिटर पाणी मिळतं, ते विहिरीत किंवा बोअरजवळ मुरवा. एवढं झालं की एसी कमी लागतात आणि सोलरही कमी बसवावं लागतं. एका किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. इमारत पर्यावरणपूरक असल्याच्या ग्रीन सर्टिफिकेटचं नंतर बघा.

काळी माती असेल तर पाया स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय घालू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अन् मी मातीच्या भिंतींचं कौतुक केलं तरी हॉलला त्या घालू नका. दरवर्षी लिंपण कोण करणार, उदई (वाळवी) लागली तर कोण बघणार? कूलरही जूनपर्यंतच, पावसाळ्यात पंखेच कामाचे.

आमच्या हॉलच्या काचेवर आता दर मार्चमध्ये बाहेरून हिरवी शेडनेट बांधतात आणि पावसाळा लागला की सोडतात. खर्च मेंटेनन्समधून जातो, म्हणजे माझ्याही खिशातून. नकाशातच जिना पश्चिमेला सरकवला असता तर हा खर्चच आला नसता.