वावरातला कुत्रा नागपूरच्या फ्लॅटमध्ये आणावा का?

ताई, तुमचा प्रश्न असा: काटोलकडच्या वावरात वाढलेला चार वर्षांचा गावठी मोती, आईबाबा आता कायमचे मनीषनगरला तिसऱ्या मजल्यावर राहायला येणार, मग मोतीला सोबत आणायचं की सालदाराच्या, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याच्या, भरवशावर तिथेच ठेवायचं? ‘तिथं मोकळा असतो, इथं कोंडल्यासारखं होईल’ ही तुमची भीती. मी दोन्ही करून बसलोय. शहरातली लॅब्रेडोर उमरेडकडच्या शेतावर ठेवून पाहिली आणि नंतर त्याच शेतावरचा काळू नागपुरात आणला.

वावरातला कुत्रा दिवसभर हुंदडतो ही आपली समजूत. काळू सकाळी गोठ्याभोवती एक चक्कर मारायचा, मग कुटाराच्या ढिगाआड ओली माती उकरून दुपारभर झोपायचा. दिवेलागणीला ताक-भाकर, आणि त्यानंतर खरी ड्यूटी: रात्रभर जागल. रानडुकरांची चाहूल लागली की धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, भुंकत जायचं, परत यायचं. फ्लॅटमध्ये आल्यावर त्याला जागा कमी पडली नाही, काम कमी पडलं. मग त्यानं स्वतःच काम शोधलं. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की भुंकायचं, रात्री दोन वाजता असो की चारला. पंधरा दिवसांत खालच्या काकूंनी आमच्याशी बोलणं सोडलं. शेवटी मी रोज रात्री दहाला त्याला चौकीदारासोबत कंपाउंडची पूर्ण फेरी मारायला लावलं, प्रत्येक कोपरा हुंगू दिला. फेरी झाली की गडी निवांत झोपायला लागला.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. आल्यावर काळूनं जवळजवळ दीड दिवस लघवीच केली नाही. जन्मभर मातीत पाय वर केलेला कुत्रा, आणि आमच्याकडे गेटपासून चौकापर्यंत नुसता सिमेंट. शेवटी शेतातून पोतंभर माती मागवली, कंपाउंडच्या कडुलिंबाखाली पसरली. त्यानं हुंगली आणि एक मिनिटभर पाय खाली येईना.

उन्हाळ्याचं मात्र सांभाळा. पारा गावातही पंचेचाळीसच्या वर जातो, पण तिथं कुत्रा आपली सावली आपण शोधतो. इथले सिमेंटचे रस्ते रात्री उशिरापर्यंत तापलेले असतात. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवा. सात-आठ सेकंद टेकवून ठेवता आली नाही तर त्याचे तळवे भाजणार. एप्रिल-मे मध्ये पहाटे सहाच्या आत आणि रात्री नऊनंतरच फिरवा. कुत्र्याला घाम जवळपास फक्त तळव्यांना येतो, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. धाप थांबत नसेल, लाळ चिकट झाली असेल, झोकांड्या जात असतील तर पोटावर, जांघेत साधं पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच दवाखाना गाठा.

आता ‘तिथं सुरक्षित आहे’ याबद्दल. आमची लॅब्रेडोर तिसऱ्याच महिन्यात रानडुकराच्या मागे गेली आणि मांडी फाडून घेऊन आली. तालुक्याला डॉक्टर होते, पण ते गाईच्या बाळंतपणाला दुसऱ्या गावी गेलेले. टाके पडेपर्यंत संध्याकाळ झाली. शिवाय फवारणीची औषधं, डुकरांसाठी कुंपणात सोडलेला करंट, घोणस आणि बिबट्या. 2021 मध्ये बिबट्या नागपूर शहरात शिरला तर गावभर बातमी झाली. वावरात तो येऊन गेल्याचं सकाळी पायाच्या ठशांवरून कळतं. म्हणून सालदाराला एकच विचारा: रात्री तो शेतावर मुक्कामाला असतो का, आणि मोतीला बांधतो का? रिकाम्या शेतावर साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यापुढे वाढलेलं ताट.

सालदाराचं कुटुंब तिथेच राहत असेल आणि मोती त्यांच्या हातचं खात असेल तर राहू द्या, मनाला लावून घेऊ नका. पण मागे बाबा चार-आठ दिवस नागपूरला आले होते तेव्हा मोतीनं काय केलं, हे आठवून पाहा. फाटकाशी बसून राहिला, खाणं टाकलं, असं असेल तर आणा. बाबा दिवसभर घरी असणार, हे त्याच्यासाठी बाल्कनीपेक्षा मोठं. ऑफिसला जाणाऱ्या जोडप्यानं विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं.

आणायच्या आधी रेबीजची लस आणि डिस्टेंपर-पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगांची एकत्रित लस द्या. नसबंदी केली नसेल तर तीही उरका, नाहीतर भाद्रपदात पट्टा तोडून पळेल आणि गावासारखा चार दिवसांनी परत येईलच असं नाही. मध्ये रिंग रोड आहे. सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजचा दवाखाना आहेच. गोचीड इथेही पाठ सोडत नाही. गावात गोचिड्या आमच्या कोंबड्या टिपायच्या, फ्लॅटमध्ये गोचिड्या भिंतीच्या फटीत अंडी घालतात. कानात आणि बोटांच्या बेचक्यात रोज पाहा. कुत्रा मलूल झाला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर रक्त तपासा.

सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, ती चिंता सोडा. आईंना मात्र एक सांगून ठेवा. गावात उरलेली पोळी दारातून टाकायची सवय असते. इथं जिन्याजवळ, गेटजवळ खाऊ टाकला की भांडण ठरलेलं. केंद्र सरकारच्या 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायची जागा अशा ठिकाणांपासून लांब ठरवायला सांगितलं आहे. आणि गल्लीतली कुत्र्यांची टोळी पहिले काही आठवडे मोतीच्या अंगावर धावून येईल, तेव्हा पट्टा हातातून सुटू देऊ नका.

फटाके संपले की, नोव्हेंबरच्या मध्यात आणा. थंडी असते, रस्ते गार असतात. येताना गाडीत मातीची दोन पोती टाका. एक आम्हाला आठवड्यात कमी पडलं होतं.