पाचारणाची भरती करता येत नाही

आपण विचारले आहे की, कॅथोलिक विद्यापीठात धर्मगुरुपदाचा किंवा व्रतस्थ (व्रते घेऊन देवाला वाहिलेल्या) जीवनाचा, म्हणजेच आपल्याला आलेल्या पाचारणाचा (देवाच्या हाकेचा), विचार मनात असलेल्या विद्यार्थ्यांना दबाव न आणता प्रोत्साहन कसे द्यावे, आणि त्याच वेळी सगळ्याच विद्यार्थ्यांमध्ये सेवक-नेतृत्वाची (सेवेतून नेतृत्व करण्याची) वृत्ती कशी रुजवावी. पाचारण सप्ताह, फलक, व्याख्याने आणि वर्षाअखेरीस ‘उत्कृष्ट सेवक-नेता’ पुरस्कार अशी आखणी डोक्यात असल्याचेही आपण लिहिले आहे. मी व्रतस्थ नाही. एका कॅथोलिक विद्यापीठात शिकवत असताना विद्यार्थ्यांच्या उपासना व सेवाकार्य समितीचे काम मी बरीच वर्षे पाहिले, आणि त्यातून माझे मत असे बनले आहे की या दोन गोष्टींचे दोन वेगळे उपक्रम केले की दोन्ही बिघडतात. सेवेपासून तोडलेले पाचारण भरतीमोहिमेसारखे दिसू लागते, आणि पाचारणाचा प्रश्नच वगळलेले सेवक-नेतृत्व नोकरीच्या अर्जातली आणखी एक ओळ होऊन बसते.

‘सेवक-नेतृत्व’ हा शब्द मुळात चर्चमधला नाही. एटी अँड टी या अमेरिकन दूरध्वनी कंपनीत उभी कारकीर्द घालवलेल्या रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी तो 1970 च्या एका निबंधातून रूढ केला. ज्यांची सेवा केली जाते ती माणसे त्यामुळे अधिक शहाणी, अधिक स्वतंत्र आणि स्वतः सेवा करण्यास अधिक सिद्ध होतात का, ही त्यांची कसोटी होती, आणि ती मला अजूनही उपयोगी वाटते. कल्पना मात्र फार जुनी आहे. योहानच्या शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात येशू जेवणावरून उठून कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. पेत्र या शिष्याला ते इतके अवघड वाटते की तो आधी नकारच देतो. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेले संत ग्रेगरी स्वतःला ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ म्हणवून घेत, आणि ही पदवी पोप आजही लावतात. पदवी टिकवणे त्यातल्या त्यात सोपे असते.

एका शिक्षणसंस्थेत उपवासकाळात झालेला पाय धुण्याचा कार्यक्रम मला नेहमी आठवतो. संस्थाप्रमुखांनी सफाई विभागातील बारा कर्मचाऱ्यांचे पाय धुतले, छायाचित्रे निघाली, अनेक विद्यार्थ्यांचे डोळे पाणावले, आणि त्यात खोटे काही नव्हते. सभागृह रिकामे झाल्यावर विसरलेली वही घ्यायला मी परत गेले, तेव्हा ज्यांचे पाय नुकतेच धुतले गेले होते त्यांच्यापैकीच दोघे जण, विजारीचे पाय तसेच दुमडलेले ठेवून, व्यासपीठावर सांडलेले पाणी पुसत होते. मी हे आमच्या समितीत सांगितले, तेव्हा एका विद्यार्थिनीने एवढेच विचारले की, आपल्या संध्याकाळच्या कार्यक्रमांनंतर सभागृह कोण झाडते आणि ती व्यक्ती घरी किती वाजता पोहोचते. उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते. त्यानंतर नियम झाला की ज्या मंडळाने सभागृह घेतले त्यानेच ते स्वच्छ करून कुलूप लावायचे, आणि अध्यक्षाने सर्वांत शेवटी निघायचे. नेतृत्वावरच्या आमच्या साऱ्या व्याख्यानांपेक्षा या नियमाने अधिक काम केले, असे माझे प्रांजळ मत आहे. कोण खुर्च्या उचलता उचलता गप्पा मारते, कोण नेमक्या वेळी फोन घेऊन बाहेर जाते, कोण नवख्या मुलाला न दुखावता काम सोपवते, हे दोन सत्रांत आपोआप दिसते. ज्यांच्याशी पाचारणाबद्दल बोलावे असे वाटते, तेही बहुधा याच वेळी नजरेस पडतात.

पुढचा प्रश्न असा की, बोलायचे कसे. माझी चूक आधी सांगते. एका अतिशय समंजस, प्रार्थनाशील मुलाला मी मिस्सानंतर (चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर) चारचौघांत हसत हसत म्हटले, ‘तू धर्मगुरूच होणार, बघ.’ सगळे हसले, तोही हसला, आणि पुढच्या आठवड्यापासून त्याने मिस्साला आमच्यासोबत बसणे सोडले. त्याच्या मनात खरोखरच तो विचार चालू होता, हे मला फार उशिरा कळले. मी त्याचा खासगी प्रश्न सार्वजनिक थट्टेचा विषय करून टाकला होता. तेव्हापासून मी हा प्रश्न एकांतात, एकदाच आणि साध्या शब्दांत विचारते: ‘या जीवनाचा विचार तुझ्या मनात कधी आला आहे का? आला असेल आणि बोलावेसे वाटले तर अमुक धर्मगुरू किंवा अमुक धर्मभगिनी ऐकून घेतील.’ उत्तराची मागणी नाही आणि पुन्हा आठवण करून देणे नाही. अजिबात न विचारणे हीसुद्धा चूकच आहे, कारण कित्येक मुले कोणीतरी विचारेल म्हणून वाट पाहत असतात.

घाई का करू नये, याचे उत्तम उदाहरण विद्यापीठाच्याच इतिहासात आहे. 1529 मध्ये पॅरिसच्या सेंट बार्ब महाविद्यालयात तिशी ओलांडलेला इग्नाती लोयोला हा विद्यार्थी पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर या तरुणांच्या खोलीत राहायला आला. फेबर त्याला अभ्यासात मदत करी. महत्त्वाकांक्षी झेवियर मात्र बराच काळ त्याला दाद देत नव्हता. 15 ऑगस्ट 1534 रोजी मोंमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी एकत्र व्रते घेतली, त्याआधी अशी सहवासाची काही वर्षे गेली होती, आणि त्यांच्या येशूसंघाला (जेझुइट संघाला) पोपची मान्यता मिळाली ती 1540 मध्ये. त्याच पॅरिसमध्ये 1833 साली कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या 20 वर्षांच्या फ्रेदेरिक ओझानामला विरोधकांनी टोचून विचारले की तुमचे चर्च आज गरिबांसाठी काय करते. तो व त्याचे मित्र वादविवाद थांबवून गरिबांच्या घरी जाऊ लागले, आणि त्यातून सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली. ओझानाम धर्मगुरू झाला नाही. त्याने लग्न केले, तो प्राध्यापक झाला आणि 1997 मध्ये त्याला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. विद्यार्थ्यांना या दोन्ही कथा एकत्र सांगाव्यात, म्हणजे पाचारण हा शब्द केवळ झग्याशी जोडला जात नाही.

पालकांना धास्ती असते की मुलाला किंवा मुलीला कोणी एका रात्रीत अडकवील. त्यांना चर्चची 1983 ची कायदेसंहिता दाखवावी. तिच्या 219 व्या कलमानुसार जीवनमार्ग निवडताना कोणत्याही सक्तीपासून मुक्त असणे हा प्रत्येक श्रद्धावंताचा हक्क आहे. नवदीक्षेला (व्रते घेण्याआधीच्या मठातील प्रशिक्षणकाळाला) वयाची 17 वर्षे पूर्ण व्हावी लागतात आणि ती किमान 12 महिने चालते. नंतरची व्रते निदान तीन वर्षे तात्पुरतीच असतात. आजीवन व्रते 21 वर्षे आणि धर्मगुरुपदाची दीक्षा सर्वसाधारणपणे 25 वर्षे पूर्ण झाल्याखेरीज मिळत नाही. एवढ्या मोठ्या वाटेवर थांबायला आणि परतायला जागा ठेवलेली आहे. म्हणूनच पदवी अर्धवट सोडून निघालेल्याला मी, काही वेगळे कारण नसल्यास, आधी पदवी पूर्ण करण्याचा सल्ला देते.

याच संहितेतून विद्यापीठाने आणखी एक गोष्ट उचलावी. सेमिनरीतील (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयातील) विद्यार्थ्याला दीक्षा द्यावी की नाही हे ठरवताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचे मत विचारण्यास 240 वे कलम मनाई करते. तोच विवेक आपणही पाळावा: जो गुण देतो, शिष्यवृत्तीची शिफारस करतो किंवा वसतिगृहातील जागा ठरवतो, त्याने पाचारणाचा मार्गदर्शक होऊ नये. बिगरकॅथोलिक विद्यार्थ्यांचा प्रश्नही इथेच सुटतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1990 मध्ये कॅथोलिक विद्यापीठांसाठी काढलेल्या शासनपत्रात प्रत्येकाच्या विवेकस्वातंत्र्याचा पूर्ण आदर करण्यास सांगितले आहे. सेवाकार्यात सर्वांना बोलवावे, पाचारणाच्या बैठका ज्यांना हव्यात त्यांच्यापुरत्या ठेवाव्यात.

पुरस्काराबद्दल थोडक्यात: तो देऊ नका. ज्याला तो मिळायला हवा तो अर्ज भरणार नाही, आणि जो अर्ज भरील त्याच्या सेवेला त्या दिवसापासून प्रेक्षक लागतील. तो निधी सेवाकार्याला जाणाऱ्या मुलांच्या प्रवासखर्चासाठी वापरावा. ज्या मुलांना सुट्टीच्या दिवशी काम करून शिकावे लागते, ती या कार्यांत कमी दिसतात ती मनाच्या कोतेपणामुळे नव्हे.

फलकांना माझी हरकत नाही. सप्ताहाचे वक्ते ठरवताना मात्र उत्साही तरुण धर्मगुरूंवरच थांबू नका. धर्मगुरुपदाची चाळीसएक वर्षे काढलेले आणि एकटेपणाबद्दल मोकळेपणाने बोलणारे कोणी, एखादे विवाहित दांपत्य, आणि शक्य असल्यास नवदीक्षा अर्ध्यावर सोडून बाहेर आलेली एखादी व्यक्ती बोलवा. आम्ही अशा एका बाईंना बोलावले होते. चौदा महिन्यांनंतर मठ सोडताना वरिष्ठ भगिनीने आपली पेटी स्वतः उचलून फाटकापर्यंत आणून दिली, आणि आजही आपण दर वर्षी तिथे जेवायला जातो, असे त्यांनी सांगितले. प्रश्नोत्तरे संपल्यावर विद्यार्थिनींची सर्वांत लांब रांग त्यांच्याच भोवती होती.