प्राधिकरणातली नोकरी ‘सरकारी’ धरायची का?

प्रश्न: मुलगी सिव्हिल इंजिनीअर आहे. मुंबईतल्या एका प्राधिकरणात तीन वर्षांच्या करारावर जागा मिळतेय. घरचे म्हणतात, सरकारीच आहे, एमपीएससीचा नाद सोड. काय करावं?
– एक आई, भांडुप

ताई, एमपीएससी सोडायला सांगू नका. ‘सरकारी’ म्हणताना आपण फार वेगवेगळ्या नोकऱ्या एकाच पोत्यात भरतो. एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास) आणि म्हाडा (गृहनिर्माण) ही कायद्याने स्थापन झालेली प्राधिकरणं. सिडको (नवी मुंबई वसवणारी), एमएसआरडीसी (रस्ते विकास महामंडळ) या सरकारी मालकीच्या कंपन्या. २००५ मध्ये वीज मंडळाच्याही कंपन्याच झाल्या. ब्रिटनने १९८८ पासून खात्यांची कामं सरकारच्याच वेगळ्या एजन्सींकडे दिली, तरी तिथले लोक नागरी सेवेतच राहिले. आपल्याकडे प्राधिकरणातला कायम माणूससुद्धा राज्य शासनाचा कर्मचारी नसतो. सरकारी कर्मचाऱ्याला चौकशीशिवाय काढता येत नाही, ते घटनेच्या कलम ३११ चं संरक्षण त्याला नाही; संस्थेचे सेवा विनियम, म्हणजे नोकरीचे स्वतःचे नियम, लागू होतात. दाद मागायची तर साधारणपणे मॅटमध्ये (राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या न्यायाधिकरणात) नाही, हायकोर्टात.

तरीही कायम जागा असती तर मी ‘घ्या’च म्हटलं असतं. एमएमआरडीएच्या अटल सेतूसारखं काम तरुण इंजिनीअरला दुसरीकडे सहज मिळत नाही.

पण ही जागा कराराची आहे, म्हणून नेमणूकपत्र नीट वाचा. ते प्राधिकरणाच्या लेटरहेडवर आहे की मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या? एजन्सीचं असेल तर गळ्यातल्या ओळखपत्रावर काहीही छापलेलं असो, कागदोपत्री मुलगी त्या ठेकेदाराची कर्मचारी. ‘एकत्रित मानधन’ लिहिलं असेल तर महागाई भत्ता आणि वेतनवाढ हिशेबात धरू नका. पीएफचे दोन्ही वाटे, कर्मचाऱ्याचा आणि मालकाचा, १२ अधिक १२ टक्के, त्याच रकमेतून जाणार का, हे आधीच विचारा; हातात येणारा आकडा तिथेच बदलतो. आणि ‘तीन वर्षांनी कायम करतील’ यावर विसंबू नका. हंगामी आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांबद्दलच्या २००६ च्या उमादेवी निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की नुसती वर्षं भरली म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही.

पत्र थेट प्राधिकरणाचं असेल आणि काम साइटवरचं असेल, तर रुजू होऊ द्या, अभ्यासही चालू ठेवू द्या. बाँड आणि नोटिशीचा कालावधी सही करण्याआधी पाहा; एमपीएससीत निवड झाली तर अडकायला नको. अनुभव प्रमाणपत्र दरवर्षी मागून घ्यायला सांगा: पदनाम, तारखा, कामाचं स्वरूप. काम इंजिनीअरचं आणि कागदावर ‘प्रकल्प सहाय्यक’ असलं, तर पुढच्या भरतीत कागदपत्रं तपासताना तो अनुभव बाद होऊ शकतो. पदनाम दुरुस्त करून घ्यायचं ते रुजू होण्याआधीच.