माती घट्ट असेल तर सहा फूट खोल चरात टेकू न लावता उतरावे का?

पाइप टाकण्यासाठी खणलेला सहा फूट खोल आणि दोन फूट रुंद चर कालपासून जसाच्या तसा उभा आहे, माती घट्ट दिसते आणि मुकादमांच्या मते जोडणीचे काम जेमतेम दहा मिनिटांचे आहे, तर आधार न लावता आत उतरण्यास हरकत आहे का, असे तुम्ही विचारले आहे. हरकत आहे, आणि खोदकामावर देखरेख करणारा या नात्याने मी तरी कोणालाही उतरू देणार नाही.

भिंत कालपासून उभी आहे हा ती आज टिकेल याचा पुरावा नव्हे. खणताना आपण तिचा बाजूचा आधार काढून घेतलेला असतो. त्यानंतर ती काही काळ तग धरते ती बऱ्याच अंशी कणांमधल्या ओलाव्यामुळे, आणि हा ओलावा उन्हाने उडाला किंवा पावसाने वाढला, तरी पकड सुटते. शेजारून वाहने जात असतील, जवळ जेसीबी चालत असेल किंवा बाजूला जुन्या पाइपलाइनचा भराव असेल, तर भरवसा आणखी कमी होतो. एकदा खणून भरलेली माती वरून कितीही टणक लागली, तरी ती मूळ जमिनीसारखी कधीच नसते.

एक घनमीटर मातीचे वजन साधारण दीड ते दोन टन, म्हणजे एका मोटारीहून अधिक भरते. भिंत क्षणार्धात कोसळते आणि दोन फुटांच्या चरात मागे सरकायलाही जागा नसते. डोके मातीबाहेर राहिले म्हणजे माणूस वाचला, हा समज तर फारच घातक आहे. छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसाने श्वास सोडला की मोकळ्या झालेल्या जागेत माती सरकते, पुढचा श्वास अपुरा पडतो आणि काही मिनिटांतच तो गुदमरतो. पाइप जोडणारा माणूस वाकलेला किंवा गुडघ्यांवर बसलेला असतो, त्यामुळे कमरेएवढा चरही त्याच्यासाठी पुरेसा खोल ठरतो.

धोक्याची पहिली खूण बहुधा भिंतीवर नव्हे, तर वर जमिनीवर उमटते. काठाला समांतर, काठापासून थोड्या अंतरावर, सुरुवातीला दोऱ्याएवढी बारीक भेग जाते. दुर्दैवाने खणलेली माती नेमकी तिथेच टाकण्याची पद्धत आहे, त्यामुळे ढिगाचा भार भिंतीवर येतो आणि भेग त्याच्याखाली झाकली जाते. म्हणून ढीग काठापासून निदान दोन फूट, शक्यतो त्याहून बराच लांब असावा आणि जाणत्या माणसाने दररोज काम सुरू होण्यापूर्वी, तसेच पावसानंतर पुन्हा, काठ पाहावा. भिंतीला फुगवटा येणे, खडे सुटून पडणे किंवा तळाशी पाणी पाझरणे यांपैकी काहीही दिसले, तर आतल्या माणसांना आधी बाहेर काढावे आणि चर्चा नंतर करावी.

अनेक नियमावल्यांनी पाच फुटांपासून पुढे आधार सक्तीचा केला आहे. उतार देऊन खणणे हा एक मार्ग आहे, पण भुसभुशीत मातीत एक फूट खोलीला दीड फूट उतार धरला, तर तुमच्या सहा फुटी चराला दोन्ही बाजूंना नऊ-नऊ फूट लागतील आणि वरची रुंदी वीस फूट होईल. एवढी जागा क्वचितच मिळते, म्हणून फळ्या आणि आडवे टेकू लावावेत किंवा लोखंडी ट्रेंच बॉक्स, म्हणजे आतल्या माणसाला दोन्ही बाजूंच्या मातीपासून वाचवणारी तयार पेटी, उतरवावा. टेकू वरून खाली बसवत जावेत आणि काढताना खालून वर यावे. बॉक्स वापरलात तर त्याच्या बाहेर एक पाऊलही टाकू नये आणि तो हलवताना आत कोणी थांबू नये. शिडी कामाच्या जागेजवळच हवी.

भिंत कोसळलीच, तर सोबत्यांनी लगेच उडी मारू नये, कारण पहिल्यापाठोपाठ दुसरी बाजूही येऊ शकते. अग्निशमन दलाला बोलवावे, यंत्रे बंद करावीत आणि माणूस कोठे होता ती जागा ध्यानात ठेवावी. जेसीबीच्या बकेटने त्याला उकरण्याचा प्रयत्न करू नये.

दहा मिनिटांच्या जोडणीबाबत मुकादमांना एक विचारून पाहा: पाइपचे तुकडे जमिनीवरच जोडून पूर्ण लांबी दोरांनी खाली सोडता येईल का? अनेक कामांत ते जमते, आणि मग आत कोणाला उतरावेच लागत नाही.