४×५ इंची शीट फिल्मच्या कॅमेऱ्यावर पॅनोरमा काढायचाय. ६×१७ सेंटिमीटरच्या फ्रेमचा बॅक (कॅमेऱ्यामागे बसणारी रोलफिल्मची पेटी) घेऊ, की अख्ख्या शीटवर काढून नंतर कापू?

दोन्ही नको. एक जादा डार्क स्लाइड (शीट ठेवायच्या होल्डरचं सरकतं झाकण) मिळवा, ती लांबीच्या दिशेने अर्धी कापा आणि एका शीटवर दोन पॅनोरमा काढा. घाईत असाल तर एवढ्यावर कामाला लागा. पण प्रश्नातलं ‘नंतर कापू’ वाचलं आणि राहवलं नाही, कारण याच वाक्यावरून माझे आणि माझ्या मावसभावाचे वर्षानुवर्षं खटके उडत आलेत.

दादाकडे ६×१७ चा रोलफिल्म बॅक आहे. त्याच्या मते पॅनोरमा म्हणजे उंचीला रुंदी एकास तीन, बाकी सगळी तडजोड. “अर्ध्या शीटचा तुझा उद्योग म्हणजे फिल्म वाचवायची युक्ती. त्यापेक्षा अख्खी शीट वापर आणि घरी येऊन काप.” हे तो चारचौघांत ऐकवतो. फिल्म वाचते हे खरंच आहे, आणि शीटचे आजचे भाव बघता त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण मुद्दा तो नाहीच.

आम्ही दोघं एकदा लोणारला गेलो होतो. उल्का आदळून बेसॉल्टमध्ये झालेलं विवर, काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, आणि पाणी बरंच खाली. काठावर उभं राहिलं की नजर खाली जाते आणि तिच्यामागोमाग कॅमेराही खाली झुकवला जातो. दादाने तेच केलं, कारण त्याला दुसरा इलाज नव्हता. ४×५ च्या मागची खिडकी जेमतेम १२ सेंटिमीटर रुंद आणि ६×१७ ची फ्रेम जवळपास १७. म्हणून त्या बॅकला पेटीसारखा भाग असतो आणि फिल्म काही सेंटिमीटर मागे जाते. ९० मिलिमीटरची लेन्स लावली की तेवढंच अंतर पुढून कमी करावं लागतं. बेलोज (लेन्स आणि फिल्मच्या मधला घडीदार भाता) दाबून गच्च होतो, लेन्स वर-खाली करायला जागा उरत नाही. उलट १८० च्या पुढची लेन्स लावली तर त्या खिडकीच्या कडाच फ्रेमची दोन्ही टोकं खातात. ज्या हालचालींसाठी एवढं धूड पाठीवर वाहून न्यायचं, त्याच हातच्या गेल्या. दादाच्या निगेटिव्हमध्ये काठावरची झाडं दोन्ही टोकांना बाहेर कलली आहेत. तो म्हणतो, कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या येतं.

मी कॅमेरा लेव्हलमध्येच ठेवला. ग्राउंड ग्लासवर, म्हणजे मागच्या फोकसच्या काचेवर, चित्र उलटं दिसतं, म्हणजे काचेचा वरचा अर्धा भाग हा क्षितिजाखालचा मुलूख. तोच अर्धा उघडा ठेवला आणि पुढचा स्टँडर्ड (लेन्स धरणारी चौकट) १२ मिलिमीटर वर उचलला. क्षितिज पट्टीच्या वरच्या चौथाईत आलं, खाली उतार, झाडी, पाणी, आणि प्रत्येक खोड सरळ उभं. काचेवर पेन्सिलीने पट्टीच्या रेघा मारलेल्या होत्या, त्यामुळे काय आत आणि काय बाहेर हे तिथेच ठरवावं लागलं. पट्टीत पलीकडचा काठ सलग यावा म्हणून मी काठाकाठाने बराच चाललो. ‘नंतर कापू’ म्हणणारा माणूस एवढा चालत नाही. तो येईल ते सगळं घेतो आणि घरी बसून त्यात पॅनोरमा शोधतो. माझा राग आहे तो यावर.

दादाच्या बाजूचंही सांगतो. ९० च्या लेन्सने त्याला सुमारे ८६ अंश मिळतात, मला ६७. तळ्याचा डावा काठ माझ्या फ्रेममध्ये मावला नाही.

आता कापायचं कसं. शीटवर प्रत्यक्ष चित्र उमटतं ते साधारण ९५×१२० मिलिमीटरवर, म्हणजे अर्ध्याची पट्टी ४७×१२०, एकास अडीच. स्लाइड मोडक्या होल्डरची घ्या. मुठीकडचा भाग पूर्ण रुंदीचा राहू द्या, नाहीतर होल्डरच्या तोंडातून उजेड शिरेल. आणि बरोबर अर्ध्यावर कापू नका. स्लाइडची उरणारी पट्टी अर्ध्याहून दोन-तीन मिलिमीटर रुंद ठेवा, कारण स्लाइड फिल्मला चिकटून नसते आणि तिरपा उजेड कडेखालून आत घुसतो. माझी स्लाइड नेमप्लेट कोरणाऱ्या एका कारागिराने कापून दिली. कडा बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, नाहीतर होल्डरचं मखमल फाटेल आणि त्याचे तंतू फिल्मवर बसतील.

क्रम असा: शटर बंद, पूर्ण स्लाइड बाहेर, कापलेली आत, एक्स्पोजर, कापलेली बाहेर, पूर्ण आत. दुसऱ्या अर्ध्यासाठी कापलेली स्लाइड पालथी घालायची. पण मग काचेचा खालचा भाग वापरात येतो आणि क्षितिज त्याच जागी आणायला लेन्स ३५ मिलिमीटर खाली न्यावी लागते, जे बऱ्याच फील्ड (घडी करून नेता येणाऱ्या) कॅमेऱ्यांना जमत नाही. मागचा भाग चौकोनी आणि काढून फिरवता येणारा असेल तर तो १८० अंशांत फिरवून लावा. होल्डर दुसऱ्या बाजूने आत जाईल आणि पहिलीच सेटिंग चालेल. लेन्सचं म्हणाल, तर ९० ची एफ/८ सुपर अँग्युलॉन पुरून उरते, तिचं इमेज सर्कल, म्हणजे ती जेवढ्या वर्तुळात चित्र पाडते ते, २१६ मिलिमीटरचं आहे.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. दोन्ही फ्रेम एकाच शीटवर असल्याने डेव्हलपिंग एकच. एक सकाळच्या धुक्यात आणि दुसरी भर उन्हात काढली तर एकीला तरी तडजोड करावी लागेल. शीटचे दोन्ही अर्धे एकाच ठिकाणी, एकाच उजेडात संपवा. स्लाइडची अदलाबदल करताना कॅमेरा हलतो, तेव्हा ट्रायपॉड भक्कम हवा. कुठला अर्धा झालाय ते होल्डरवर पेन्सिलीने तिथल्या तिथे लिहा.

आणि रंगीत फिल्म लॅबला द्यायची असेल, शीट धुणारं कुणी जवळ नसेल, तर रोलफिल्म बॅक घ्याच, पण ६×१२ चा. एका १२० रोलवर सहा फ्रेम मिळतात (६×१७ मध्ये चारच), ती फ्रेम ४×५ च्या खिडकीत बसते, म्हणून वर सांगितलेल्या हालचाली शाबूत राहतात. तुमच्या कॅमेऱ्याचा मागचा भाग ग्राफलॉक पद्धतीचा (काच काढून तिच्या जागी बॅक अडकवता येणारा) आहे का, ते मात्र पैसे मोजण्याआधी बघून घ्या.