स्टेलावर रागवा, पण नेमकं कशासाठी?

प्रश्न : आमच्या वाचनगटाने अमेरिकी लेखिका ब्रिट बेनेट यांची २०२० सालची 'द व्हॅनिशिंग हाफ' ही कादंबरी वाचली. दोन जुळ्या बहिणी, दोघी दिसायला गोऱ्या. डेझिरे काळ्यांमध्येच राहते. स्टेला मात्र आई-बहिणीला टाकून गोरी म्हणून संसार थाटते. बाकी सगळ्यांना स्टेलाचा संताप आला, मला काही तो येईना. त्यावरून मी बरीच बोलणी खाल्ली! शिवाय गोरी दिसणारी मुलगी 'काळी' कशी, हेही आम्हाला कुणाला धड सांगता आलं नाही.
— एक वाचक, मिरज

उत्तर : आधी दुसरा प्रश्न घेते. तो सुटल्याशिवाय पहिल्यावर भांडण्यात अर्थ नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेत काळं-गोरं डोळ्यांनी ठरत नसे, वंशावळीने ठरे. १८९२ मध्ये लुइझियाना राज्यात गोऱ्यांच्या रेल्वेडब्यात बसले म्हणून होमर प्लेसी यांना अटक झाली. त्यांच्या अंगात एक-अष्टमांश आफ्रिकी रक्त होतं, आणि ते इतके गोरे दिसत की आपण काळे आहोत हे त्यांना कंडक्टरला सांगावं लागलं. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकालही त्यांच्या विरोधात गेला. ही फार जुनी गोष्ट झाली म्हणाल, तर त्याच लुइझियानाने १९७० मध्ये कायदा केला : बत्तिसाव्या हिश्श्याहून जास्त 'काळं रक्त' असेल तर माणूस काळा. तो १९८३ पर्यंत टिकला. रक्ताचा हा अपूर्णांकातला हिशेब, आणि स्टेला नेमकी गणितात हुशार! बेनेटबाईंचा हा खवचटपणाच असावा, असं मला उगाच वाटतं.

आता स्टेला. १९५४ मध्ये, सोळाव्या वर्षी, ती बहिणीबरोबर लुइझियानातल्या मॅलर्ड गावातून पळते. तोवर तिच्या वाट्याला काय आलं होतं? गोऱ्या टोळक्याने बापावर केलेला हल्ला दोघींनी लपून पाहिलेला. शिक्षिका व्हायचं होतं, तर आईने शाळा सोडवून गोऱ्यांच्या घरी कामाला लावलं. तिथे मालकाने कोठीच्या खोलीत तिच्या अंगाला हात लावला. पुढे न्यू ऑर्लिन्समध्ये एका मोठ्या दुकानात ती नोकरी मागायला गेली. समोरच्यांनी तिला गोरी समजून घेतलं, तिने ते खोडून काढलं नाही. एवढ्यावरून तिच्यावर रागवायला माझंही मन धजत नाही.

माझा राग पुढचा आहे. लॉस एंजेलिसच्या श्रीमंत वस्तीत वॉकर नावाचं काळं कुटुंब घर घेणार असं कळतं, तेव्हा भर सभेत उठून 'त्यांना अडवा' म्हणते ती स्टेला. तिला द्वेष नाही, धास्ती आहे. गोऱ्यांना कळलं नाही ते काळ्या शेजारणीच्या नजरेत येईल, ही धास्ती. वॉकरांच्या मुलीशी खेळणाऱ्या लेकीला खेचून नेताना स्टेला जी शिवी देते, तीच शिवी पुढे लेक त्या मुलीला देते. मधल्या काळात स्टेलाने लॉरेटा वॉकरशी चोरून मैत्री जोडलेली असते. तीही तिथेच तुटते. तुमच्या मैत्रिणींना म्हणावं, रागवायचं तर इथे रागवा.

आणि कुणी 'ज्याची त्याची निवड' म्हणालं असेल, तर त्यांना ज्यूडची, म्हणजे डेझिरेच्या लेकीची, प्रकरणं पुन्हा वाचायला लावा. डेझिरे नवऱ्याचा मार चुकवून १९६८ मध्ये गावी परतते, तेव्हा तिच्याबरोबर असते ती ही गडद काळी लेक. सगळं मॅलर्ड उजळ रंगाच्या मागे लागलेलं, त्यामुळे गावात तिला चिडवण्यापलीकडे कुणी जवळ करत नाही. मावशीची वाट तिला मनात आणूनही धरता आली नसती. निवडीची मुभासुद्धा रंगाच्या छटेवर मिळते, हे मला या कादंबरीतलं सगळ्यात कडू सत्य वाटलं.

हे वाचताना बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा आठवली नसेल, तर नवल आहे. तिथे जात उघडी पडते आणि मार बसतो. आपल्याकडे कातडी कोण बघतो? आडनाव आणि गाव विचारलं की झालं. स्टेलाला कुणी मारत नाही. तिचं घर, नवरा, कॉलेजातली नोकरी, सगळं शाबूत राहतं. फक्त पोटच्या पोरीला ती वर्षानुवर्षं आजोळ सांगू शकत नाही. (शेवट ज्यांनी वाचलेला नाही त्यांनी पुढचं वाक्य सोडावं.) ती एकदा मॅलर्डला येते खरी, पण आईची स्मृती गेलेली, लेक कधी गेलीच नव्हती अशा थाटात आई तिच्याशी बोलते.

पुढच्या महिन्यासाठी नेला लार्सन यांची १९२९ ची 'पासिंग' घ्या. न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतल्या दोन मैत्रिणींची, एका दुपारीत वाचून संपणारी गोष्ट आहे. शेवटी खिडकीपाशी नक्की काय घडलं, यावर तुमच्या गटात दोन तट पडतील. त्यात तुम्ही कुठल्या बाजूला राहिलात ते कळवा.