हुशार मुलगी बीजगणितात का अडते?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. भाषा, विज्ञान, इतिहास यांत पुढे असते. सातवीपर्यंत गणितातही उत्तम गुण मिळायचे. आता बीजगणित आलं की गडबडते. समजावलं की ‘कळलं’ म्हणते, पण परीक्षेत तसंच उदाहरण चुकतं. शिकवणी लावली आहे, रोज दोन तास बसते, तरी फरक नाही. काय करावं?

उत्तर : तास आणखी वाढवू नका. तिच्या शेवटच्या दोन-तीन उत्तरपत्रिका काढा आणि चुकलेल्या प्रत्येक उदाहरणातली पहिली चुकीची ओळ शोधा. तिथे खूण करा, पुढचं बघूच नका. अशी ओळ पुष्कळदा नववीच्या धड्यातली नसतेच. अपूर्णांक, ऋण चिन्ह किंवा कंस यांतलं काहीतरी मागे कच्चं राहिलेलं असतं. हुशार मुलांचं हे जास्त उशिरा उघडकीला येतं, कारण लहान संख्यांची उत्तरं ती पायऱ्या गाळून, मनातल्या मनात काढतात आणि गुणही मिळतात. बीजगणितात सात-आठ पायऱ्या डोक्यात मावत नाहीत.

खात्री करायला तिला घड्याळ न लावता ही तीन उदाहरणं द्या : २/३ + १/४, −३ − (−५) आणि ३(क्ष − २) − २(क्ष − ५). उत्तरं ११/१२, २ आणि क्ष + ४. पहिल्याचं उत्तर ३/७ आलं, तर ती अंशात अंश आणि छेदात छेद मिळवते आहे. सहावीतले अपूर्णांक पुन्हा करायला हवेत. तिसऱ्याचं क्ष − १६ आलं, तर कंसाबाहेरच्या −२ मधलं ऋण चिन्ह आतल्या −५ पर्यंत पोहोचलंच नाही. ही चूक फार मुलं करतात आणि ‘लक्ष नव्हतं’ म्हणून सोडून दिली जाते. लक्ष असूनही ती होते.

तिला ताळा घ्यायची सवय लावा. क्ष = १ घेतला तर मूळ पदावली ३(−१) − २(−४), म्हणजे ५ होते. क्ष + ४ सुद्धा ५ देते, क्ष − १६ मात्र −१५. एका आकड्याने उत्तर बरोबर असल्याची पूर्ण हमी मिळत नाही, पण चूक बहुधा पकडली जाते, तीही मोठ्या माणसाने न सांगता. (क्ष + ३)/३ मधले तीन-तीन छाटून क्ष + १ लिहिणाऱ्यालाही क्ष = ६ घालू द्या : एकीकडे ३, दुसरीकडे ७.

‘कळलं’वर विसंबू नका. सोडवलेलं उदाहरण वाचताना ओळखीचं वाटतं, कोरा कागद वेगळा. सोडवलेलं एक उदाहरण वाचायचं, झाकायचं, पूर्ण लिहायचं, मग ताडून बघायचं. नंतर आकडे बदलून पुन्हा. रोज ४० मिनिटं पुरेत, पण त्यांतली निम्मी उदाहरणं मागच्या धड्यांतली, मिसळलेली हवीत. एकाच धड्याची वीस उदाहरणं ओळीने केली, तर रीत निवडावीच लागत नाही. परीक्षेत नेमकी तीच निवडायची असते.

पेन्सिल तुम्ही हातात घेऊ नका. ‘या ओळीवरून त्या ओळीवर कशी आलीस?’ एवढंच विचारा, आणि बरोबर ओळीलाही विचारा. नाहीतर तुम्ही विचारलं म्हणजे चुकलंच, असं ती धरून चालेल. मात्र लहान संख्यांची बेरीज-वजाबाकी, संख्यांचा लहान-मोठेपणा, घड्याळ वाचणं हे सगळं लहानपणापासूनच जड गेलं असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी तज्ज्ञाकडून करून घ्या. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही.

प्रश्न : मुलगा समीकरणं सोडवतो, शाब्दिक उदाहरणात मात्र समीकरणच उलटं मांडतो.

उत्तर : तो शब्दांच्या क्रमाने चिन्हं लिहीत असणार. ‘वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या तिपटीपेक्षा २ वर्षांनी जास्त’ याचं ३व = म + २ होतं, ते असं. मांडणीआधी साधे आकडे घ्यायला सांगा : मुलगा १०, तर वडील ३२. मग हे आकडे समीकरणात घालायचे. व = ३म + २ मध्ये ते बसतात, त्याच्या समीकरणात ९६ बरोबर १२ होतं. ‘म = मुलगा’ असं लिहू देऊ नका; ‘म = मुलाचं आजचं वय, वर्षांत’ असं पूर्ण लिहायचं. ‘पाच वर्षांनंतर’ आल्यावर दोघांच्याही वयात ५ मिळवायचे असतात, हे त्या ‘आजचं’ शब्दामुळे लक्षात राहतं.